'मी कोण' हे नुसतं विचारायचं नाही, बघायचं कसं: दृग्-दृश्य-विवेकाची पद्धत

"मी कोण हा प्रश्न स्वतःला विचारा" असं सगळेच सांगतात, पण विचारायचा म्हणजे नेमकं करायचं काय, कुठून सुरुवात करायची, डोळे मिटल्यावर बघायचं काय, हे कोणी फारसं सांगत नाही. मग लोक डोळे मिटून "मी कोण, मी कोण" असा जप करत बसतात आणि पाच मिनिटांत मन उद्याच्या ऑफिसच्या मीटिंगला जाऊन पोचतं. म्हणून ही पद्धत नीट लिहून काढतोय. ही अद्वैत वेदान्तातली, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या परंपरेतली, जुनी पद्धत आहे आणि दृग्-दृश्य-विवेक (दृग् म्हणजे बघणारा, दृश्य म्हणजे दिसणारं, विवेक म्हणजे ते वेगळे ओळखणं) नावाच्या एका छोट्या प्रकरणग्रंथात, म्हणजे एकाच विषयाची ओळख करून देणाऱ्या ग्रंथात, ती पायरी पायरीने दिलेली आहे. एकूण श्लोक फक्त 46. याला वाक्यसुधा असंही म्हणतात, कोणी हा ग्रंथ शंकराचार्यांचा मानतात, कोणी भारतीतीर्थांचा, कर्ता कोणीही असो, त्यातलं सांगणं स्वतः करून बघता येतं आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

क्रमाबद्दल आधीच सांगतो, कारण गाडी इथेच अडते. आजकाल यूट्यूबवर दोन प्रवचनं ऐकली की माणूस थेट "सगळं ब्रह्मच आहे, जग मिथ्या आहे" इथे जातो. ते वाक्य खोटं नाही, पण ते शेवटाकडचं आहे. आधी बघणारा आणि दिसणारं हे दोन वेगळे करायचे, मग मन कुठे कुठे चिकटलंय ते तपासायचं, आणि मग ते दोन पुन्हा एक कसे होतात ते बघायचं. हा क्रम उलटा केला की हातात नुसते शब्द राहतात, आणि घरात कोणी टोचून बोललं की ते शब्द पाच सेकंदही टिकत नाहीत.

पहिला श्लोक पाठच करून टाका, सगळी पद्धत त्यात आहे:

रूपं दृश्यं लोचनं दृक् तद् दृश्यं दृक् तु मानसम् ।
दृश्या धीवृत्तयः साक्षी दृगेव न तु दृश्यते ॥

समोरचं रूप दिसतं, डोळा बघतो. मग तो डोळाच दिसणाऱ्यात जमा होतो आणि मन बघणारं ठरतं. मग मनातल्या वृत्तीही, म्हणजे मनात उठणारे विचार आणि भावना, दिसणाऱ्यात जातात आणि साक्षी बघणारा ठरतो. तो साक्षी फक्त बघतो, तो कधीच दिसत नाही. एवढंच. आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते बघू.

पहिली पायरी सोपी आहे. समोर भिंत आहे, कॅलेंडर आहे, फॅन आहे. हे सगळं मला दिसतंय म्हणून मी हे नाही, याबद्दल कोणालाच शंका नसते. वस्तू बदलतात, निळी पिवळी, लहान मोठी, बघणारा डोळा एकच. इथे जास्त वेळ घालवू नका.

दुसऱ्या पायरीवर मात्र थांबा, ही पायरी फार सुंदर आहे. ग्रंथात डोळ्याच्या तीन अवस्था सांगितल्यात, आंधळेपणा, मंदपणा आणि तीक्ष्णपणा. चाळिशीनंतर जवळचा नंबर लागतो तेव्हाचं आठवा. औषधाच्या पाकिटावरची बारीक एक्स्पायरी डेट वाचता येत नाही, पाकीट लांब धरावं लागतं, आणि तुम्ही म्हणता "अरे, मला नीट दिसत नाहीये". आता डोळ्याला कमी दिसतंय हे कळलं कोणाला? डोळ्याला तर ती अक्षरं दिसतच नाहीयेत. कोणीतरी मागे आहे ज्याला डोळ्याचा मंदपणा स्पष्ट कळतोय, आणि त्या कळण्याला काही चष्मा लागलेला नाही. म्हणजे डोळा हा बघणारा वाटत होता, तोही दिसणाऱ्यात गेला. हेच कानाला लावा, त्वचेला लावा. कानात दडे बसले की ऐकू कमी येतंय हे लगेच कळतं. जमेल तेव्हा चष्मा काढून पाच मिनिटं बसा आणि हे अंधुक दिसणं बघा, पुस्तकातून समजण्यापेक्षा असं समजलेलं जास्त टिकतं.

तिसरी पायरी मनाची, आणि खरं काम इथे आहे. कारण "डोळा म्हणजे मी नाही" हे पटतं, "राग म्हणजे मी नाही" हे पटत नाही, राग आला की मीच रागावलेला असतो. ग्रंथात इथे एक यादी दिलीय, इच्छा, संकल्प, संशय, श्रद्धा, अश्रद्धा, धीर, अधीरपणा, लाज, समज, भीती, आणि म्हटलंय की या सगळ्यांना एकच चैतन्य एकसारखं प्रकाशित करतं. ही यादी बघण्यासारखी आहे, त्यात चांगल्या वाईटाची वाटणी नाही. श्रद्धासुद्धा दिसणाऱ्यात आणि अश्रद्धासुद्धा. म्हणजे "आज ध्यान छान लागलं" हे समाधान आणि "आज काहीच जमलं नाही" ही खंत, दोन्ही एकाच बाजूला पडतात.

प्रत्यक्ष बसायचं ते असं. सकाळी पंधरा वीस मिनिटं काढा, मांडी घालणं जमत नसेल तर खुर्चीत बसा, पाठ ताठ एवढं बघा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, सायलेंट करून शेजारी ठेवलेला चालत नाही, त्याच्याकडे मन जातंच. आधी कानावर येणारे आवाज ऐका. समजा किचनमधे कुकरची शिट्टी झाली. शिट्टी ऐकू आली, ती संपली, मग शांतता ऐकू आली. शिट्टी कळली तशी शांतताही कळली, कळणं मधे तुटलं नाही. हे दोन तीनदा नीट बघा. मग शरीराकडे या. दहा मिनिटांनी गुडघा दुखायला लागेल. लगेच हलू नका, लगेच सहनही करत बसू नका, फक्त बघा. दुखणं गुडघ्यापाशी आहे, त्याला जागा आहे, ते कमी जास्त होतंय. त्यानंतर दुसरी एक गोष्ट सुरू होते, "अजून किती वेळ", "उगाच बसलो", "मला संधिवात तर होत नसेल ना". हे दुखणं नाहीये, हा दुखण्यावरचा मनाचा संवाद आहे. हे दोन वेगवेगळे दिसले की पाय हलवा बिनधास्त. मग विचारा, हे दोन्ही ज्याला कळलं त्याला स्वतःला दुखतंय का? उत्तर शब्दात देऊ नका, ज्याला कळतंय त्याच्याकडे फक्त लक्ष वळवा आणि जेवढं टिकेल तेवढं टिकू द्या. दोन सेकंद टिकलं तरी ते खरं आहे.

याच ग्रंथात या ध्यानाला दृश्यानुविद्ध असं नाव आहे, म्हणजे काम, क्रोध, विचार जे काही चित्तात उठेल ते बघायचं आणि त्याचा साक्षी म्हणून राहायचं. विचार बंद करायचे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही! विचार घालवायला बसलात तर मारामारी होते आणि अर्ध्या तासाने डोकं दुखतं. विचार आले तर उलट अभ्यासाला सामग्रीच मिळाली.

आता इथे लोक कुठे अडकतात ते सांगतो.

सगळ्यात जास्त जण साक्षीला शोधायला जातात. काहीतरी प्रकाश दिसेल, पोकळी दिसेल, कंप जाणवेल अशी वाट बघतात. पण जे दिसेल ते दृश्यच ठरणार, मग ते कितीही दिव्य असो. बृहदारण्यक उपनिषदात उषस्त चाक्रायण नावाचा एक जण याज्ञवल्क्य ऋषींकडे हाच हट्ट धरतो, मला आत्मा प्रत्यक्ष दाखव म्हणतो, आणि याज्ञवल्क्य त्याला सांगतात, "न दृष्टेर्द्रष्टारं पश्येः", बघण्याचा जो बघणारा त्याला तू बघू शकणार नाहीस. म्हणून साक्षी दिसत नाही अशी तक्रार करायची गरजच नाही, दिसत नाहीये हे तुम्हाला कळतंय ना, मग झालं.

दुसरं म्हणजे "मी साक्षी आहे, मी साक्षी आहे" असं मनात घोकणं. तो एक विचार आहे, तोही आला आणि गेला. सुरुवातीला आधार म्हणून ठीक आहे, ग्रंथातही "असंग, सच्चिदानंद, स्वयंप्रकाश, द्वैतरहित असा मी आहे" अशा शब्दांच्या आधाराने करायच्या ध्यानाची पायरी दिलेली आहे, पण शब्द जिकडे बोट दाखवतात तिकडे बघायचं असतं.

तिसरी शंका हमखास येते, की साक्षी एवढा अलिप्त आहे तर गुडघा मला का दुखतो. याचं उत्तर ग्रंथात फार नेमकं आहे. अहंकार तीन ठिकाणी चिकटलेला असतो, मनात पडलेल्या चैतन्याच्या प्रतिबिंबाशी, देहाशी आणि साक्षीशी. पहिलं चिकटणं सहज, दुसरं कर्मामुळे, तिसरं भ्रमामुळे. ज्ञानाने जातं ते तिसरं. देहाशी असलेलं नातं कर्म संपेपर्यंत चालू राहतं. म्हणजे अभ्यास केला म्हणून दात दुखायचा थांबणार नाही, डेंटिस्टकडे जावंच लागेल. हे आधी कळलं की "माझी प्रगतीच होत नाहीये" हे टेन्शन बरंच कमी होतं.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. ज्यांना डिप्रेशन किंवा अँक्झायटीचा त्रास आहे, किंवा असं बसल्यावर सगळं खोटं खोटं वाटून भीती दाटून येते, त्यांनी बसणं थांबवावं आणि डॉक्टरांना भेटावं. विवेकाने येणारा वेगळेपणा हलका असतो, त्यात माणसं परकी वाटत नाहीत. घाबरवणारा तुटलेपणा ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. मन थोडं स्थिर झालं की अभ्यास पुन्हा सुरू करता येतो, तो कुठे पळून जात नाही.

एवढं बसायला लागलात की वैराग्याचा विषय आपोआप समोर येतो, कारण बसल्यावर जे विचार परत परत येतात तेच तुमच्या आसक्तीची यादी असते. एक वही ठेवा, आठवडाभर बसून उठल्यावर दोन ओळी लिहा, आज मन कुठे कुठे गेलं. सात दिवसांनी वाचलंत तर तीन चारच विषय निघतील. पैसा, मुलाचं करियर, कोणीतरी केलेला अपमान, तब्येत. बाकी सगळं किरकोळ.

मग त्यातला एक विषय घ्या आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले 62 आणि 63 हे श्लोक त्याला लावा. "ध्यायतो विषयान्पुंसः सङ्गस्तेषूपजायते" इथून साखळी सुरू होते, विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून इच्छा, त्यातून क्रोध, मग संमोह, मग स्मृती ढळते, मग बुद्धी जाते. वाचताना हे फार मोठं वाटतं पण ते दहा मिनिटांत घडतं. नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीचे फोटो टाकतं. तुम्ही "अभिनंदन" टाइप करता, हात जोडलेला इमोजी टाकता, फोन खाली ठेवता. मग पुन्हा उचलता आणि फोटो झूम करून बघता, हॉल केवढा आहे, बाल्कनीतून काय दिसतंय. हे चिंतन. मग "आपलाही असता तर", ही आसक्ती आणि इच्छा. मग "बाबांनी तेव्हा ती जागा विकली नसती तर", इथे क्रोध आला, आणि ज्या बाबांनी तुमच्या शिक्षणासाठी ती जागा विकली तेच तुम्ही विसरलात, ही स्मृती गेली. संध्याकाळी बायको काहीतरी साधं विचारते आणि तुम्ही तिच्यावर ओरडता. तिला बिचारीला कळतही नाही की हे कुठून आलं.

पकडायचं कुठे? क्रोधापाशी पकडायला गेलात तर उशीर झालेला असतो. फोन दुसऱ्यांदा उचलताना पकडायचं. पहिल्यांदा फोटो दिसला त्यात तुमचा काही हात नाही, डोळ्यापुढे आलं ते दिसणारच. दुसऱ्यांदा झूम केलं तिथे चिंतन सुरू झालं. तिथे एक सेकंद थांबून "हे मनात उठतंय आणि मला दिसतंय" एवढंच ओळखा. सकाळी गुडघ्यापाशी जे केलं तेच इथे करायचंय. सुरुवातीला हे सगळं संपल्यावर रात्री आठवेल, तरीही चालेल, साखळी उलट्या बाजूने लिहून काढा. हळूहळू आठवण लवकर यायला लागते.

यातून इच्छा मारायची असा अर्थ काढू नका. बृहदारण्यकातला याज्ञवल्क्य मैत्रेयी संवाद मला यासाठी फार जवळचा वाटतो. याज्ञवल्क्य घर सोडून निघालेत, मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघी बायकांमधे संपत्तीची वाटणी करतो म्हणतात, तर मैत्रेयी विचारते, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? मग ते सांगतात की नवरा नवऱ्यासाठी प्रिय नसतो, बायको बायकोसाठी नाही, मुलं मुलांसाठी नाहीत, धन धनासाठी नाही, आत्म्यासाठी हे सगळं प्रिय असतं. पहिल्यांदा वाचताना हे कोरडं, स्वार्थी वाटतं. पण त्या फ्लॅटच्या फोटोला लावून बघा. तुम्हाला हवंय काय? भिंती हव्यात की "आता मी पुरा झालो, आता मला काही कमी नाही" ही भावना हवीय? ती भावना हवी असेल तर ती फ्लॅटकडून मागितली जातेय, आणि फ्लॅट ती फार दिवस देऊ शकत नाही. हे दिसलं की फ्लॅट घ्या किंवा नका घेऊ, त्याच्यावरचा भार उतरतो. माणसांच्या बाबतीत तर हे आणखीच खरं आहे, मुलाकडून स्वतःचं अपुरेपण भरून घ्यायची अपेक्षा गेली की मुलावर मोकळेपणाने प्रेम करता येतं.

आणि जबाबदाऱ्या टाकणं हे वैराग्य नव्हेच. समर्थांनी दासबोधात सरळ म्हटलंय, "आधीं प्रपंच करावा नेटका, मग घ्यावें परमार्थविवेका". ईएमआय भरायचा, आईच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर आणायच्या, मुलांचा अभ्यास घ्यायचा. मुंबईत खेतवाडीत राहणारे निसर्गदत्त महाराज विडीचं दुकान चालवायचे, संसारी होते, आणि आत्मज्ञानावरची त्यांची मराठीतली बोलणी ऐकायला परदेशातून लोक त्यांच्या छोट्याशा खोलीत येऊन बसायचे. हिमालयात गेल्याशिवाय हे जमत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी खेतवाडी आठवावी.

आता शेवटचा भाग, परम सत्याचा. इथपर्यंत आलात तर एक अडचण जाणवली असेल, की इकडे साक्षी आणि तिकडे दृश्य असे दोन उरलेच. मग अद्वैत कुठे राहिलं? बरेच जण इथे थांबतात आणि साक्षीपणाच्या कोपऱ्यात सुरक्षित बसून राहतात. ग्रंथ मात्र पुढे नेतो, आणि विसाव्या श्लोकात एक फार उपयोगाचं हत्यार देतो. प्रत्येक गोष्टीत पाच अंश असतात, अस्ति (असणं), भाति (कळणं), प्रिय (आवडणं), रूप आणि नाम. पहिले तीन ब्रह्माचे, शेवटचे दोन जगाचे.

समोर पाण्याचा स्टीलचा पेला घ्या. "पेला" हे नाव. गोल, उंच, चकचकीत हे रूप. हे दोन पेल्याचे स्वतःचे. पण तो "आहे" आणि तो "कळतोय" हे काय फक्त पेल्याचं आहे? शेजारचं ताट आहे आणि कळतंय. भिंत आहे आणि कळतेय. मनात आलेला राग आहे आणि कळतोय. नाव रूप दर वेळी बदललं, "आहे" आणि "कळतंय" बदललं नाही. आणि हेच दोन तुम्ही सकाळी डोळे मिटून स्वतःत बघत होतात, मी आहे आणि मला कळतंय. आतलं आहेपण एक आणि बाहेरचं आहेपण दुसरं असा काही जोड कुठे सापडतो का ते बघा, घाई न करता बघा. प्रिय हा अंश सगळ्यात अवघड, कारण पेला प्रिय कसा असा प्रश्न येतो, तिथे मैत्रेयीचा संवाद परत वाचा, जे जे आवडतं ते आत्म्याच्या ओढीनेच आवडतं हे लक्षात आलं की थोडं उलगडायला लागतं. हा भाग महिनोन्महिने पुरतो.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक ऋषी मुलाला, श्वेतकेतूला, हेच एका प्रयोगातून दाखवतात आणि तो तुम्ही आज रात्री घरी करू शकता. तांब्यात पाणी घ्या, मिठाचा खडा टाका, झाकून ठेवा. सकाळी मीठ शोधा. सापडणार नाही. वरचं पाणी चाखा, मग थोडं ओतून मधलं, मग तळाचं. सगळीकडे खारट. डोळ्याला नाही असं वाटतं आणि तरी कणाकणात आहे. त्या अध्यायात "तत्त्वमसि", म्हणजे "ते तूच आहेस", एकूण नऊ वेळा येतं, बाप मुलाला एकच गोष्ट नऊ वेळा सांगतो, कारण श्वेतकेतू दर वेळी म्हणतो, मला पुन्हा सांगा. तुम्हालाही नऊदा नव्वदवेळा ऐकावं लागलं तर त्यात कमीपणा काही नाही.

एक प्रामाणिकपणे नोंदवतो, हे सगळं अद्वैताच्या बाजूने लिहिलंय. रामानुज आणि मध्व या परंपरा जीव आणि ब्रह्म पूर्ण एक मानत नाहीत. देह म्हणजे मी नाही इथपर्यंत त्याही सोबत आहेत, पुढे वाट वेगळी होते. घरात विठ्ठलाची भक्ती असेल तर ती सोडायचा प्रश्नच येत नाही, ज्ञानेश्वरी उघडली की पहिलीच ओवी "जय जय स्वसंवेद्या, आत्मरूपा" असं म्हणत त्या आद्य तत्त्वालाच नमस्कार करते, ज्ञान आणि भक्ती आपल्याकडे कधी भांडलेल्या नाहीत.

वाचायचं असेल तर एका वेळी एकच धरा. दासबोधाच्या पाचव्या दशकातला सहावा समास पहिल्यांदा, "ज्ञान म्हणिजे आत्मज्ञान, पाहावें आपणासि आपण", मराठीत याहून सरळ कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मग दृग्-दृश्य-विवेक, अर्थासकट, रोज एक श्लोक. मग ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय, तो मोठा आहे, सावकाश घ्या. मांडूक्य उपनिषदात मंत्र बाराच आहेत म्हणून लोक ते आधी उचलतात, ते मात्र नंतरसाठी ठेवा. आणि शक्य असेल तर कोणातरी जाणत्या माणसाकडे बसून ऐका, कारण आपण वाचताना आपल्याला सोयीचं तेवढंच वाचतो, ऐकताना न पटणारंही कानावर येतं आणि शंका जागच्या जागी विचारता येते. ज्या दिवशी बसायला अजिबात जमणार नाही, पाहुणे आहेत, प्रवास आहे, त्या दिवशी चष्मा पुसताना एकदा, जेवताना पहिल्या घासाला एकदा, आणि झोपताना एकदा, एवढं तीनदा "हे कोणाला कळतंय" हे बघून घ्या, दुसऱ्या दिवशी परत बसायला सोपं जातं.